लाभार्थ्याची तासवही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो फक्त कागदावरच घालता येतो, तेव्हा गोड मानून घे.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं भाऊजींच्या पत्रावरून कळलं. त्या पत्रात तुझ्या डोळ्याला दोन ओळी आणि त्यांच्या स्वतःच्या खोकल्याला दोन पानं होती, त्यावरून दोघांच्याही तब्येती जागेवर आहेत असं मी समजलो. मी ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण गेलं वर्षभर मी ठणठणीत नाही असा इथं अधिकृत समज आहे, आणि तो कसा झाला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्या खिडकीतून शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दिसतं. ते सात मिनिटं मागं आहे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला रोज उठल्याबरोबर हे पाहावं लागतं, म्हणून एक दिवस मी तक्रार नोंदवायला शाळेच्या कचेरीत गेलो. कारकून डबा खात होता. त्यानं मोकळ्या हातानं समोरचं रजिस्टर उघडलं आणि नाव, वय, घरी आणखी कोण असतं, जिना चढता येतो का, असं एकेक विचारायला सुरुवात केली. घड्याळाच्या तक्रारीत जिन्याची चौकशी कशाला, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, मनोऱ्यावर मलाच चढवण्याचा बेत दिसतोय, म्हणून खरं ते सांगून टाकलं की नाही चढता येत. आठ दिवसांनी पत्र आलं, की 'असहाय ज्येष्ठ नागरिक' या गटात माझी निवड झाली आहे. वर अभिनंदनही केलं होतं! घड्याळ अजून सात मिनिटं मागंच आहे.

त्याचं असं झालं, की मुलांनी नुसता अभ्यास करून भागत नाही, असा आमच्या विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांना शोध लागला. तेव्हापासून इथल्या बावीसच्या बावीस शाळांत प्रत्येक मुलानं वर्षाला वीस तास समाजसेवा करायची, ती 'तासवही' नावाच्या निळ्या वहीत लिहायची आणि खाली ज्याची सेवा झाली त्या माणसाची (त्याला लाभार्थी म्हणतात) सही घ्यायची. वीस तास भरले नाहीत तर मुलगा कशातही पहिला आलेला असो, वार्षिक गुणगौरवाच्या यादीतून त्याचं नाव कटाप. सगळ्यांत जास्त तास भरणाऱ्याला पदक. आता एवढ्याशा गावात एवढे असहाय आणायचे कुठून? मागणी जास्त आणि माल कमी. त्यामुळे माझ्यासारखा एखादा हाती लागला, की त्याला कोण सोडतो!

माझ्या वाट्याला तिघं आली. एक अध्यक्ष. वय चौदा, पण चालणं-बोलणं फीत कापायला आल्यासारखं. दुसरा कॅमेरा, ज्याचा चेहरा मी वर्षभरात धड पाहिलेला नाही, कारण त्याच्यासमोर कायम मोबाइल असे. आणि तिसरी एक मुलगी. ती काही बोलतच नसे, म्हणून तिला नाव ठेवायला मला काही सापडलं नाही. ती तिसरीच राहिली.

सेवा म्हणजे काय असते हे मला या वयात कळलं. माझ्याकडे एक कोरफड होती. पंधरा-पंधरा दिवस तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही तरी तिची तक्रार नसायची. 'झाडांना पाणी' हा वहीतला पहिलाच रकाना. तो प्रत्येकानं वेगळा भरायचा असल्यामुळे कोरफडीला दिवसातून तीनदा पाणी मिळू लागलं आणि महिन्याभरात ती कुजून गेली. त्या वेळी अध्यक्षांनी 'पर्यावरण-शोक' म्हणून आणखी अर्धा तास लावला. खिडक्या पुसल्या, पण कॅमेऱ्यात येतात तेवढ्याच. एकदा मी केस कापायला निघालो होतो. दुकान माझ्याच बाजूला, चार दारं सोडून. तरी मला दोन्ही दंडांना धरून रस्ता ओलांडायला लावला. पलीकडे गेल्यावर ऊन तोंडावर येतंय असं कॅमेऱ्याच्या लक्षात आलं, म्हणून परत अलीकडे, आणि मग चेहऱ्यावर कृतज्ञता आली नाही म्हणून पुन्हा पलीकडे. तोपर्यंत न्हाव्यानं दुकान बंद केलं होतं.

पण ताई, माझा धंदाच वेळेचा. मी खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवून माझी वेगळी वही ठेवायला लागलो. अध्यक्षांनी 'दोन तास' लिहून पुढं केले, की मी माझी वही काढून सांगायचो, बाळा, एकोणीस मिनिटं, त्यातली अकरा केस विंचरण्यात. मी सही देईना. तुला आठवतं ना, माझ्या प्रगतीपुस्तकावर बाबांच्या ऐवजी तू सही करावीस म्हणून मी तुझ्या किती विनवण्या केल्या होत्या? तू म्हणालीस, खोटी सही मरेपर्यंत करणार नाही. मग मला बाबांसमोर उभं राहावं लागलं, आणि पुढचं तूही ऐकलंस, शेजाऱ्यांनीही ऐकलं. तेव्हापासून मी सहीच्या बाबतीत तुझा चेला. पण अध्यक्ष माझ्या वरचढ निघाले. तासवहीत तळाला एक चौकट असते, 'लाभार्थी सही करण्यास असमर्थ'. तिथं बरोबरची खूण केली, की गटप्रमुखच (म्हणजे अध्यक्षच) सही करू शकतो. मी असहाय असल्याचं शाळेच्या शिक्क्यानिशी ठरलेलं असल्यामुळे सही करायलाही असमर्थ असणार, यात कुणाला शंका आली नाही.

तिसरीनं तशी खूण केली नाही. तिचे पहिले चार तास झाडू-पोछ्याचे, ते मी मिनिटं मोजून सही करून दिले. मग एक दिवस तिनं माझ्या टेबलावरचं बंद पडलेलं घड्याळ बोटानं दाखवलं आणि नुसती उभी राहिली. त्यानंतर ती एकटीच यायला लागली, आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर. डोळ्याला भिंग लावून समोर बसायची. कॅमेरा नाही, भाषण नाही. तिनं एकदाच वही पुढं केली होती. मी म्हटलं, हे शिकणं झालं, ही सेवा नव्हे. तिनं वही दप्तरात ठेवली आणि चिमटा उचलला.

गेल्या रविवारी गुणगौरव झाला. मला पहिल्या रांगेत, 'लाभार्थी' अशी पट्टी छातीला टाचून बसवलं होतं. शिक्षणाधिकाऱ्यांनी जाहीर केलं, की विभागातल्या मुलांनी यंदा एक लाख सहा हजार तास सेवा केली. (एवढी सेवा खरंच झाली असती तर गावात धुळीचा कण आणि माझ्या वयाचा माणूस, दोन्ही शिल्लक राहिले नसते.) मग हस्ताक्षर, वक्तृत्व, दोरीवरच्या उड्या, आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांना 'उत्साही सहभाग'. गणितात विभागात पहिला आलेल्या दुसऱ्या शाळेच्या मुलाचा सत्कार झाला तेव्हा माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, पहिली खरं म्हणजे आपल्या शाळेची मुलगी आहे, पण तिचे तासच भरले नाहीत. मी मागं वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत तिसरी बसली होती.

पदक अध्यक्षांना. बासष्ट तास. लाभार्थ्यानं दोन शब्द बोलावेत म्हणून माइक माझ्या हातात दिला, आणि मी खिशातून माझी वही काढली. अध्यक्ष : नऊ तास दहा मिनिटं, पैकी फोटो दोन तास चाळीस मिनिटं. तिसरी मुलगी : चार तास, आणि त्याशिवाय एकेचाळीस तास तीस मिनिटं. मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "मग काका, त्या एकेचाळीस तासांवर सही का नाही केलीत तुम्ही?"

मी म्हटलं, ती सेवा नव्हती, ती घड्याळ शिकत होती. सगळे हसले. तिसरी उठून निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या आई-वडिलांनी तक्रार केली, की असा कृतघ्न लाभार्थी मुलांच्या मनावर परिणाम करतो. मीही तावातावानं कचेरीत गेलो आणि म्हटलं, काढाच माझं नाव यादीतून. या खेपेला कारकुनानं बरोबर रजिस्टर उघडलं. यादीत नसलेल्या घरी मुलांनी जायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे आता माझ्या दाराशी पावलं वाजत नाहीत. एकदाची ब्याद टळली. मी अगदी मजेत आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एक छापील अर्ज आहे. यादीत नाव पुन्हा घालायचं तर जवळच्या नातेवाइकानं लिहून द्यावं लागतं, की 'सदर व्यक्ती स्वतःची कामं स्वतः करू शकत नाही'. जिथं सही करायची तिथं मी पेन्सिलीनं फुली मारली आहे. नाव यादीत आलं, की लाभार्थी म्हणून माझी सही पुन्हा चालते आणि मागचे तासही धरतात. गणितातलं नाव मग यादीत चढतं, असं कारकून म्हणाला. (तो तेव्हा डबा खात नव्हता, तेव्हा खरं असावं.)

आणखी एक. तू म्हणशील, मरेपर्यंत खोटी सही करणार नाही म्हटलं होतं. ताई, ही खोटी नाही. दोन वर्षं झाली, माझा हात थरथरतो. बारीक स्क्रू चिमट्यात धरला, की तो जागेवर न बसता जमिनीवर जातो. त्या एकेचाळीस तासांत जेवढी घड्याळं चालू झाली, त्यांतला एकेक स्क्रू तिनं बसवला आणि मी समोर बसून, आपण शिकवतोय, असं स्वतःला सांगत होतो. तिला ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. शेवटचं घड्याळ तिनं उघडलं तसंच बशीत पडून आहे.

तिची तासवही शाळेतच जमा आहे, म्हणून एकेचाळीस तास तीस मिनिटं मी वेगळ्या कागदावर लिहून खाली सही केली आहे. सही जरा हललेली दिसते, पण माझीच आहे. तुझी आली, की दोन्ही कागद एकदमच देईन. अर्जाची खिडकी शनिवारी बाराला बंद होते. शाळेचं घड्याळ सात मिनिटं मागं असलं तरी त्या सात मिनिटांच्या भरवशावर राहू नकोस.