दोन डोळ्यांच्या जोगिणीविषयी

मी बिंदेश्वरी देवी, कै. जयनंदन लाल कर्ण यांची पत्नी, वय शहात्तर, राहणार कमलडीहा, जिल्हा मधुबनी, धंदा भिंती रंगवणे व अलीकडे कागद रंगवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि ज्यांना तो पुरेसा वाटत नाही त्यांनी माझ्याशी मासळीच्या भावावरून वाद घालून पाहावा. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू पाहणारा माझा एकुलता एक मुलगा रतिकांत सध्या ओसरीवर गाल फुगवून बसला आहे.

मला मरायची घाई नाही. तरी हे आजच लिहिण्याचे कारण आमच्या घरातल्या एका भिंतीवरचे चित्र. दिल्लीचा एक चित्रांचा व्यापारी ती भिंत कापून न्यायला तयार आहे, पण त्याला सोबत चित्राचा अर्थ हवा आहे. एकच, आणि माझ्या सहीचा. रतिकांतने तो अर्थ टाइप करून आणला. मी सही केली नाही. तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे आई. तुझ्यामागे वारस मीच आहे. तेव्हा सही मीच करीन." म्हणून हे मृत्युपत्र.

कलम पहिले. घराची पूर्वेकडची बाजू, आमराई आणि तळ्यातल्या मासळीचा आमचा हिस्सा रतिकांतला द्यावा. तो वाईट मुलगा नाही. त्याला प्रत्येक गोष्टीवर पाटी लावल्याशिवाय झोप येत नाही, एवढेच. लहानपणी त्याने बकरीवरही "बकरी" असे खडूने लिहिले होते.

कलम दुसरे. माझ्या बांबूच्या काड्या, काजळीची मडकी, डिंक, रंग आणि कोरे कागद सूनबाई आभा हिला द्यावेत. पोस्टात जे काही असेल तेही तिलाच. तिची रेघ माझ्यासारखी नाही, आणि नसावीच. "तुमच्या सासूबाई असं काढायच्या" असे शिकवायला कोणी आले तर आभाने त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

कलम तिसरे. पश्चिमेची खोली, तिच्या चारही भिंतींसह, आभाला द्यावी. रतिकांतला नाही. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल. वकील उमापती झा म्हणतात की मृत्युपत्रात कारणे द्यायची गरज नसते. त्यांना नसेल.

ही खोली म्हणजे आमचे जुने कोहबर. आमच्याकडे लग्नानंतर नवरदेव चौथ्या दिवसापर्यंत मुलीच्याच घरी, या खोलीत, नवरीबरोबर राहतो. म्हणून घरच्या बायका लग्नाआधी तिच्या भिंती रंगवतात. कमळे, बांबूचे बन, मासे, कासव, आणि चार कोपऱ्यांत चार नैना जोगिणी. जोगीण पदर ओढून असते आणि तिचा एकच डोळा दिसतो. जोडप्याला दृष्ट लागू नये म्हणून ती राखण करते. तिचा दुसरा डोळा कोणी काढत नाही. का, ते माझ्या आजेसासूलाही माहीत नव्हते.

माझी जाऊ रामसखी हिच्या मुलीचे, किशोरीचे लग्न ठरले तेव्हा खोली रंगवायचे काम माझ्याकडे आले. नवऱ्या मुलाची आत्या जनकदुलारी आमच्याच गावात दिलेली. स्थळ तिनेच आणले होते. ती किशोरीला बघायला आली आणि बैलबाजारात सौदा करावा तसे तिने पोरीला पारखले. "चालून दाखव गं. दात दाखव. केस खरे आहेत ना?" माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण मुलीकडच्यांना तोंड नसते. लग्नात मात्र आम्हा बायकांना वरपक्षाला शिव्यांची गाणी म्हणायची मुभा असते, आणि त्यावर कोणी रागवायचे नसते. माझा गळा रेड्यासारखा. म्हणून माझी शिवी मी भिंतीवर काढली. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या जोगिणीला मी दोन डोळे दिले, बटाट्याएवढे, वटारलेले. ती जनकदुलारी होती. बाई गं, बघायचंय तर बघ आता डोळे फाडून!

माझा बेत असा होता की सगळ्यांनी ओळखावे आणि पोट धरून हसावे. कोणीही हसले नाही. रामसखीने पाहिले आणि किंचाळली, "दोन डोळे? माझ्या लेकीच्या खोलीत? अगं अवदसे, पुसून टाक ते, अपशकुन आहे!" मी म्हटले, "अगं, ती आत्याबाई आहे." ती म्हणाली, "कसली आत्याबाई? मला दिसत नाही का?" मी पुसले नाही. तेव्हापासून आमची चूल तर वेगळी झालीच, बोलणेही तुटले.

मग खुद्द जनकदुलारी आली. मी दाराआड हसू दाबून उभी. तिने चित्राकडे टक लावून पाहिले, पदर डोक्यावर घेतला आणि साष्टांग नमस्कार घातला! म्हणाली, "अशी जागती देवी मी कुठल्याच घरी पाहिली नाही." त्यानंतर ती चारही दिवस जोगिणीला जास्वंद वाहायला येत होती. मला रडू कोसळले. माझी उभ्या आयुष्यातली सर्वांत चांगली शिवी, आणि तिची तिने पूजा केली.

पण खरी गोष्ट चौथ्या दिवशी घडली. मुलाच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवले होते की सूनबाईची शाळा आता बंद. किशोरी तोपर्यंत कधी मोठ्याने बोललेली नव्हती. त्या दिवशी तिने नवऱ्याला सांगितले, "मी मॅट्रिकला बसणार. नाही म्हणायचं असेल तर आत्ता, इथेच म्हणा." नवरा गांगरला. जनकदुलारी फुले घेऊन आलेलीच होती. ती भाच्याला म्हणाली, "हो म्हण रे. देवी बघतेय." आणि भावाला तिनेच गप्प केले. किशोरी मॅट्रिक झाली, पुढे शिकली, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली.

माझी शिवी कोणालाच कळली नाही, याचा मला वर्षानुवर्षे रागच होता. दिल्लीहून एक विदुषी आल्या आणि "स्त्रीची उघडलेली दृष्टी" असे काहीतरी लिहून गेल्या, तेव्हा तर मी दोन दिवस जेवले नाही. येईल त्याला मी सांगत सुटले की अहो, ही एका आगाऊ आत्याची टवाळी आहे. लोक म्हणत, बाई किती नम्र आहेत!

शेवटी एकदा किशोरी माहेरपणाला आली तेव्हा तिलाही सांगितले. ती खूप हसली. मग म्हणाली, "काकी, तुम्ही काढलीत ती आत्या. पण चार दिवस त्या डोळ्यांसमोर मी बसले होते. सगळ्या जोगिणी पदराआडून बघतात, ही एकटी सरळ बघते, मग मी का नाही, असं मला वाटलं. आता तुम्ही काहीही सांगा, ते मी परत देणार नाही."

त्या दिवशी माझा राग गेला. एवढेच नाही, मी गावभर मिरवले. एका शिवीतून देवी, अपशकुन आणि मुख्याध्यापिका निघाली. मिथिलेत असे हात दुसऱ्या कोणाचे आहेत?

म्हणून अट अशी: भिंत कापू नये. खोलीला कुलूप लावू नये. चित्राखाली पाटी लावू नये, माझ्या सांगण्याचीसुद्धा नाही. घरात पुन्हा लग्न निघाले तर रिवाजाप्रमाणे शेणमातीने सारवून नवे चित्र काढावे. त्या वेळी कोणी हळहळू नये.

कलम चौथे. माझी जाऊ रामसखी हिला मी काहीही देत नाही. वकीलसाहेब सांगतात की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळू शकत नाही. हे कळताच मी तिला साक्षीदार म्हणून बोलावणे धाडले. इतक्या वर्षांनी ती माझ्या उंबऱ्यात आली आहे. सुपारी कातरत बसली आहे आणि मी काय लिहिते ते वाकून बघते आहे.

कलम पाचवे. ~~सदर जोगिणीच्या चित्राचा अर्थ, जो काही असेल तो, मी जो कोणी चित्रासमोर उभा राहून पाहील त्याला देत आहे.~~

वरील कलम मी माझ्या हाताने खोडले आहे. ते असे घडले. वकीलसाहेबांनी ते वाचले आणि चष्मा काढला. म्हणाले, "अडचण आहे. रामसखीबाईंनी चित्र पाहिलेलं आहे. म्हणजे त्यांनाही वाटा आला. आणि त्या तर साक्षीदार. त्यांच्यापुरतं हे कलम रद्द होईल. त्यांना या चित्राचा अर्थ घेता येणार नाही."

रामसखीने अडकित्ता खाली आपटला. "घेता येणार नाही म्हणजे? इतकी वर्षं मी त्याला अपशकुन म्हणतेय. आणि ही कोण लागून गेली माझा अपशकुन मला द्यायला नि काढून घ्यायला? तो हिचा होता कधी?"

माझी लेखणी थांबली. मी म्हटले, "पुन्हा म्हण."

"तो हिचा होता कधी?"

वकीलसाहेब, ऐकलेत? जे माझे नाही ते मी देऊ शकत नाही. आणि जे माझे नाही ते वारसालाही मिळत नाही. मी ओसरीकडे तोंड करून हे मोठ्याने वाचले. रतिकांत म्हणाला, "अगं पण काढलंस तूच ना?" मी म्हटले, "काढलं मी. तुलाही पोटातून काढलं मीच, पण तू ऐकतोस का माझं?" यावर आभा आतून हसली, आणि रामसखीही हसली. माझी ती शिवी काढताना जे हसू मला ऐकायचे होते ते हेच. मला फार आनंद झाला आहे, आणि तो इथे नोंदवते.

सबब पाचवे कलम खोडले असे समजावे. बाकी सर्व कायम. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, आणि यापुढे करायचे झाले तर रामसखीला विचारूनच करीन.

मुक्काम कमलडीहा, दिनांक ११ फेब्रुवारी २०१९

सही: बिंदेश्वरी देवी

साक्षीदार १: उमापती झा, वकील. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: रामसखी देवी. सही माझ्यासमोर झाली. सही करण्याआधी खोलीत जाऊन चित्र पुन्हा नीट पाहिले. अपशकुनच आहे.