दारातूनच कळायचं

३ फेब्रुवारी

कार्डवाली बाई आज पुन्हा आली. डोक्याच्या ऑपरेशनपासून ह्यांना माणसाच्या चेहऱ्यावरचं काही कळत नाही, म्हणून ती हसरी-रडकी तोंडं छापलेली कार्डं दाखवते. "काका, ह्याला काय वाटतंय?" हे म्हणाले, "दाढी केली असती तर बरं झालं असतं, असं." मला हसू आलं. बाईला नाही आलं.

५ फेब्रुवारी

सगळी कार्डं बरोबर! पाठ केलीत, दुसरं काय. भुवया जवळ आल्या की राग, दात दिसले की आनंद. मग माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "तू आत्ता कशी आहेस गं?"

इतक्या वर्षांत हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. वाईट वाटलं. फार.

९ फेब्रुवारी

जुने दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत. हे गॅरेजमधून यायचे, हातांना ग्रीस, मी ओट्याशी पाठमोरी — तरी दारातूनच, "कोण काय बोललं तुला?" सासूबाई गुपचूप दुसऱ्या खोलीत जायच्या! लेकीचा निकाल मी जेवणापर्यंत दडवणार होते, तर चपला काढता काढता म्हणाले, "कितवी आली?" गाडीचं बोनेट उघडायच्या आत बिघाड सांगायचे, तसंच माझं.

तो माणूस हवाय मला. समोर बसलाय, तरी हवाय.

१० फेब्रुवारी

डॉक्टरांनी बजावलंय, आवाजाचा त्रास नको. महिनाभर मांजराच्या पावलांनी वावरतेय. ताटांखाली फडकं, झाकणं अलगद. लेक फोनवर म्हणाली, "आई, घरातच आहेस ना?"

१६ फेब्रुवारी

आज धीर सुटला. मी समोर बसून रडत होते, आणि हे माझे दात न्याहाळून म्हणाले, "आनंद?" मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पातेल्यावर झाकण दाणकन आपटलं. व्हायचं ते होवो!

आतून लगेच, "अगं, एवढी का दुखावलीस?"

मला वाटत होतं मी चिडलेय. पण ह्यांनी म्हटलं तेच खरं होतं. धावत गेले. "अहो, कसं कळलं?"

"म्हणजे काय! तुझा चेहरा कोण बघतंय? पहिल्यापासून भांड्यांवरूनच कळतं मला. हल्ली तूच गप्प झालीस. वाटलं, माझ्यावर रुसलीस."

१७ फेब्रुवारी

खात्री करायला झाकण मुद्दाम आपटलं. आतून आवाज — "खोटं! खुशीत आहेस."