अख्खा कटपीस

४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामीचं पत्र पोचलं. आजारपणानंतर तुला गिऱ्हाइकांची मापं आठवत नाहीत म्हणून दुकान बंद ठेवलंस, हे वाचून जीव गलबलला. निम्म्या गल्लीची मापं तोंडपाठ असणारा शिंपी तू!

डॉक्टरांनी रोज काहीतरी पाठ करायला सांगितलंय ना, मग माझा सगळ्यात लाडका आकडा घे: ७३९३९१३३. ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पुरता भाग जात नाही. मी वर्गात तिचं कौतुक सुरू केलं की मुलं घड्याळाकडे बघतात. तिची आणखी एक गंमत आहे, ती पाठ झाल्यावर सांगेन.

तुझ्या मायेची हक्कदार,
शंकाबाई

२१ जून

चि. शंकाबाईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आकड्याने माझं नाक कापलं. सकाळी अख्खा म्हणतो, दुपारी मामी विचारते तेव्हा शेपूट गळालेलं असतं. काल ७३९३९१ वरच अडकलो. पुढचे दोन अंक गेले म्हणजे कापडच फुकट गेलं. जरा पडा, असं मामी म्हणाली, तर तिच्यावरही खेकसलो. शेजारचा इस्त्रीवाला दुकान मागतोय, देऊन टाकावं म्हणतो. गंमत राहू दे.

राग मानू नकोस.
तुझा मामा

२८ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

गंमत आत्ताच सांगते. तुझं शेपूट गळालं तरी उरली ती मूळ संख्याच. शेवटचा एकेक अंक काढत जा: ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. दरवेळी मूळ संख्याच उरते. अशा संख्या मोजक्याच, आणि त्यांत ही सर्वांत मोठी. हिच्या शेवटी आणखी कुठलाही अंक जोड, लगेच भाग जातो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कागदापुढे हात जोडले होते.

तू कटपिसाला कधी चिंधी म्हणाला नाहीस. माझा पहिला फ्रॉक कटपिसाचाच. हे अख्खंच कापड आहे, फक्त लहान, असं तू सगळ्यांना ठणकावायचास. मग स्वतःलाच चिंधी का समजतोस? इस्त्रीवाल्याआधी मला उत्तर दे.

रुसलेली, पण तुझीच,
शंकाबाई

३ सप्टेंबर

चि. शंकाबाईस अनेक आशीर्वाद.

उत्तर मी लिहितेय, कारण यांना सवड नाही. इस्त्रीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. दुकान उघडलंय, पण मापं आठवत बसणं सोडलं. गिऱ्हाईक आलं की टेप काढून नव्याने माप घेतात. पोट किती सुटलंय ते कळतं, म्हणून लोकच हसतात.

आकडा मात्र विरत चाललाय. जुलैत ७३९३ होता, मग ७३. काल विचारलं तर नुसतं सात म्हणाले. मला रडू आवरेना. तर मला म्हणतात कसे, रडतेस कशाला, अजून कशानेच भाग जात नाही.

सुट्टी लागली की ये, वाट बघतोय.
तुझी मामी