दोन देशांचा एक रहिवासी

नाशिक

रा. रा. वाल्मीकदादा यांस,

यादवचा रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचं पित्त शांत आहे ना? इकडे आम्ही ठणठणीत. (आम्ही म्हणजे मी एकटाच.) सविता चार दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आली आहे. ती का आली, हे बहिणीनं भावाला सांगितलंच असेल. आता जरा मेहुण्याचंही ऐका.

नेपाळात वीरगंजच्या बाजूला मी कांदाचाळी बांधून देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. चांदवडच्या माणसाइतकी हवेशीर चाळ कोणाला बांधता येत नाही, हे तिथल्या व्यापाऱ्यांना आता पुरतं पटलंय. (आधी त्यांचा निम्मा कांदा पावसाळ्यातच सडायचा.) काम वाढलं तसा मुक्काम वाढला, आणि दोन्ही सरकारांना एकदमच माझा लळा लागला. झालं असं, की त्यांचं सरकारी वर्ष श्रावणात उघडतं आणि आपलं एप्रिलात. त्यांच्या वर्षात मी निम्म्याहून जास्त तिकडे, आपल्या वर्षात निम्म्याहून जास्त इकडे. दोन गावांत मतदान करता येत नाही, पण दोन देशांचं रहिवासी होता येतं, हे मला या वयात कळलं.

कॉलेज रोडच्या सीए संध्या मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, घाबरू नका, एकाच कमाईवर दोनदा कराचा भुर्दंड बसू नये म्हणून दोन्ही देशांत करार आहे. बिऱ्हाड दोन्हीकडे असेल, तर जवळचे संबंध जिथे जास्त, तो देश तुमचा. मी म्हटलं, एवढंच ना, मग जवळच्या संबंधांनाच घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी सविताला नेलं. चांगली साडी नेसून आली होती.

मॅडमनी तिला विचारलं, "हे इथलेच ना?"

"इथलेच. आले की दोन दिवस पाहुण्यासारखे वागतात, मग माणसात येतात."

मॅडम हसल्या, सविताही हसली. इथवर सगळं माझ्या हातात होतं. मग मी सहज विचारलं, की समजा तिकडचाच ठरलो तर? मॅडम म्हणाल्या, तर इथं फक्त इथल्या कमाईचं बघायचं. दादा, धंद्यातल्या माणसाच्या कानावर असं वाक्य पडलं की जीभ ताब्यात राहत नाही. मी तिथली बाजू मांडायला घेतली. वीरगंजला माझी हक्काची खोली आहे, खाट आहे, दारात मी लावलेला कढीपत्ता आहे. शेजारी जेवायला हाक मारतात. ताप आला तेव्हा घरमालकिणीनं पातळ भात करून वर आणून दिला. तिथं झोपसुद्धा कशी गाढ लागते. (मी इतकं मुद्देसूद बोलत होतो, की मॅडम दोनदा "पुरे" म्हणाल्या. मला ती शाबासकी वाटली.)

सवितानं विचारलं, "ताप कधी आला होता?"

"मागच्या पावसाळ्यात."

"मला फोनवर घसा बसलाय म्हणालात." मग ती मॅडमकडे वळली. "लिहून घ्या मॅडम. यांचं घर तिकडंच आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे मी नाही लिहायची. आधी घरी बोलून या."

घरी बोलणं झालं, म्हणजे मी बोललो. करार तिला पहिल्यापासून समजावून सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पिशवी भरली आणि स्टेशनची रिक्षा बोलावली. तेव्हा भांडण असं काहीच नाही, कायद्यातल्या एका शब्दाचा तिनं वेगळा अर्थ लावला, इतकंच. तुम्ही रेल्वेत जन्म काढलेला माणूस, कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते तुम्हाला मी काय सांगू? वहिनींना नमस्कार.

आपला,
यादव

ता. क. हे पत्र सविताला वाचून दाखवू नका. पातळ भाताचा मजकूर तर मुळीच नको. तिला एवढंच सांगा, की मी मॅडमकडे परत जाऊन सगळी कमाई नाशिकच्याच घरी दाखवा म्हणून सांगून आलो. (तिकडे भरलेला कर इथं वजा मिळतो, त्यामुळे हा मोठेपणा तसा स्वस्तात पडला. हेही तिला नको.) आणि ताप लपवला तो तिला घोर नको म्हणून. हे मात्र सांगा.

आणखी एक. पत्र टाकायला पोस्टात गेलो, तर आज रविवार. म्हणून ते घेऊनच गाडीत बसलोय. आत्ता लासलगाव गेलं. मॅडमला सांगून आलो असं वर लिहिलंय, ते खरं तर उद्या सांगणार आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्या ओट्यावर उभा असेन. सविताला फक्त विचारा, याला आत घेऊ का. ती हो म्हणाली, तर मी भारताचा रहिवासी.