रानसफरचंदांचा उतार

अल्माटी, मे महिना

प्रिय दाउरेन,

तिकडे दुबईत उकाडा सुरू झाला असेल. जेवतोस ना वेळेवर? कामाच्या नादात तुला भुकेची शुद्ध नसते. आई गेल्यावर मी ताट घेऊन तुझ्यामागे फिरायचे आणि तू कोळशाने भिंतीवर घरं काढत बसायचास.

माझ्या असानच्या चाळिसाव्याचं जेवण झालं. अख्खं विद्यापीठ लोटलं होतं. बाउरसाकचे पिठाचे गोळे तळता तळता शेजारच्या झामालकाकूंनी विचारलंच, "भाऊ नाही आला गं?" मी म्हटलं, "कामात आहे." दुसरं काय सांगणार?

तू कंपनीसाठी काढलेला आराखडा आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलास, ती संध्याकाळ आठवते? उतारावर काचेची घरं, मधूनमधून रानसफरचंदाची झाडं. असान बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "देखणं आहे रे. पण हा उतार त्या मुळांनी धरून ठेवलाय. झाडं गेली की एखाद्या वसंतात डोंगर खाली येईल." तू हसलास. "जेझदे, तुमची झाडं आमच्या जाहिरातीत पहिल्या पानावर आहेत! निसर्गच तर विकतोय आम्ही." जेझदे म्हणून बहिणीच्या नवऱ्याची थट्टा करायचा तुला हक्कच होता. तोही हसला.

पुढच्या उन्हाळ्यात झाडं पाडली. रस्ता रुंद करायचाय, म्हणालास. जाहिरातीत मात्र ती फुललेलीच राहिली. असान भांडला नाही. विद्यार्थ्यांना घेऊन उरलेल्या कडेला रोपं लावू लागला. त्याच्या हातात तेवढंच होतं.

घरं उभी राहिली, लोक राहायला आले, आणि या एप्रिलमध्ये पावसाची झड लागली. आम्ही दोघं रोपं बघायला वर गेलो, तर घरांच्या मागे जमिनीला ही एवढी भेग. असानने तिथूनच तुला फोन लावला. मी कान लावून उभी होते. तू म्हणालास, "जेझदे, आज गिऱ्हाइकं यायचीत. उगाच घबराट करू नका. उद्या इंजिनिअर पाठवतो."

मग तो दारोदार धावला. "निघा! हातातलं टाका आणि निघा!" लोक शिव्या देत का होईना, निघाले. शेवटच्या घरातल्या आजीला ऐकू येत नव्हतं. ती मागे राहिली म्हणून तो परत वळला. मला म्हणाला, "तू या घरांतल्या पोरांना घेऊन खाली हो, आलोच." एवढंच. मग डोंगर सुटला. आजी दुसऱ्या दिवशी सापडली, तो त्याच्या पुढच्या दिवशी. तोवर तुझं विमान उडालं होतं.

काल तुझ्या कंपनीचा वकील घरी आला होता. बूट काढून अदबीने बसला. म्हणाला, असानने रोपांसाठी खड्डे खणले, त्यात पाणी मुरलं म्हणून उतार सुटला, असं कंपनी कोर्टात सांगणार. "तुमच्या भावालाही मान्य आहे. तुम्ही फक्त गप्प राहा, मक्पालबाई. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मी त्याला चहा संपवू दिला. दारात आलेला पाहुणा होता.

दाउरेन, पुढच्या महिन्यात खटला उभा राहील तेव्हा मी साक्ष देणार आहे. तो फोन आणि तुझा शब्द न् शब्द सांगणार आहे. तुला कैद होईल, हे मला कळतं. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिते आहे. त्याआधी तू स्वतः येऊन खरं सांगितलंस, तर तुरुंगाच्या दारात दर आठवड्याला तुझा डबा घेऊन उभी राहीन. नाही आलास, तरी साक्ष देणारच.

तुझीच, अजूनही,
मक्पाल