माझ्या पोटातला औषधाचा कारखाना

४ मार्च
ताईचं लिव्हर संपलंय. दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा लावावा लागणार. वॉर्डात सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. मीच पुढे झालो. सख्खा भाऊ, रक्तगट एकच. माझा काढा म्हणालो. दाजी रडले. रडणाऱ्या पुरुषांची मला शिसारी येते, पण आज चालवून घेतलं. ताई म्हणाली, "तू आहेस म्हणून धीर आहे रे."

७ मार्च
स्कॅन. सर्जन म्हणजे काडीपैलवान. म्हणे माझ्या लिव्हरमध्ये चरबी आहे, असलं लिव्हर देता येत नाही. वजन उतरवलं तर तीही उतरेल. दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. त्यापुढे ताईला थांबता येणार नाही. दोन महिन्यांत माणूस काय वाट्टेल ते करतो. उद्यापासून उकडलेलं.

८ मार्च
उकडलेल्या कोबीला ओल्या मोज्यांचा वास येतो. ही माझ्यासोबत तेच खाते आणि तोंडसुद्धा वाकडं करत नाही. असल्या बायकोसमोर बसून जेवणं नको वाटतं.

१५ मार्च
मालकाने गोडाऊनमध्ये रंगाचे डबे कोंबायचं ठरवलंय. रॅक भरले, वाटा भरल्या, आता जिन्यावर. एक डबा काढायचा तर वीस हलवा. मॅनेजर मी, शिव्या मला. त्यात अकाउंटंटचा वाढदिवस. केकला नाही म्हणणं असभ्यपणा. दुसऱ्या तुकड्याला नाही म्हणणं त्याहून.

२२ मार्च
मोठा शोध. मोबाईलवर लेख वाचला. चरबी नुसती लोळत पडलेली नसते, ती हार्मोन बनवते. त्यातलं एक अ‍ॅडिपोनेक्टिन. शरीरातली सूज शमवतं, साखर आटोक्यात ठेवतं, लिव्हर सांभाळतं. आणि बनतं कुठे? चरबीत. म्हणजे चरबी जास्त तर औषध जास्त, सरळ हिशेब. इतकी वर्षं लोक माझ्या पोटाला हसले, आणि तो औषधाचा कारखाना निघाला. पुढचा अर्धा लेख राहिला, जेवण आलं.
ताईला जाणारं लिव्हर या औषधात चांगलं मुरलेलं असेल. आता वजन उतरवणं म्हणजे सख्ख्या बहिणीच्या तोंडचं औषध काढून घेणं. कोबी बंद.

३० मार्च
हिला शोध सांगितला. म्हणाली, लेख पुरता वाचा. अडाणीपणाची हद्द आहे. हल्ली हिचं काहीतरी वेगळंच चाललंय. भल्या सकाळी फिरायला जाते. परवा उपाशीपोटी रक्त देऊन आली. कशाला, विचारलं तर म्हणाली, असंच. या वयात फिगरचं खूळ. किळस येते.

१८ एप्रिल
ताईकडे गेलो. डोळे पिवळेजर्द, हात नुसते काटकुळे. खोलीभर पसरलेला तिच्या औषधांचा वास सहन होईना, खिडकीपाशी उभा राहिलो. "तुझं नीट चाललंय ना?" म्हणाली. जोरात चाललंय म्हणालो. खोटं कुठे होतं? बेकरीतूनच आलो होतो.

५ मे
दुसरा स्कॅन. चरबी वाढली आहे. काडीपैलवानाला अ‍ॅडिपोनेक्टिन समजावून दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काम काय करता. सांगितलं.
"मग गोडाऊन गच्च भरलं की माल बाहेर निघतो का?"
म्हणे चरबीच्या पेशीही गच्च भरल्या की ते हार्मोन बनवणं कमी करतात. वर सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात, आणि जी चरबी त्यांच्यात मावत नाही ती लिव्हरमध्ये जाऊन बसते. पोट मोठं, औषध कमी. उरलेल्या अर्ध्या लेखात हेच असणार. असले लेख लिहिणाऱ्यांनी महत्त्वाचं आधी लिहावं.
अजून एक महिना मागितला. तो म्हणाला, मी देईन हो, ताईंकडे नाही.
बाहेर ही बसली होती. हिचा रक्तगट कुणालाही चालतो. सगळ्या तपासण्या पास झाल्यात. दाजींना माहीत होतं, ताईला माहीत होतं. मलाच कुणी सांगितलं नाही. "तुमचं जमेल असं शेवटपर्यंत वाटत होतं मला," एवढंच म्हणाली.

१२ मे
ऑपरेशन. आत नेताना हिने अंगठी काढून माझ्या हातात दिली. हरवायला नको म्हणून करंगळीत घातली. अडकली. नर्सने साबण लावला, दोरा गुंडाळून ओढली, बोट काळंनिळं झालं. शेवटी कापली. रांगेतले लोक बघत होते.
दुपारी सर्जनने सांगितलं, दोघी ठीक आहेत. दाजी पुन्हा रडले. वहिनींचे उपकार कसे फेडू, म्हणाले. मी बोट पाण्यात बुडवून बसलो होतो.
संध्याकाळी ही शुद्धीवर आली. आधी ताईचं विचारलं, मग अंगठी मागितली. कापलेली अंगठी तिच्या हातावर ठेवताना मला माझीच शिसारी आली.
"एवढी एकच गोष्ट सांभाळायला दिली होती," म्हणाली आणि डोळे मिटले.
करंगळीची सूज अजून उतरलेली नाही.