कापलेला शेवटचा परिच्छेद

१४ ऑक्टो. २००४, शहापूर
रविवारच्या पानाचा लेख उद्या दुपारपर्यंत मुंबईला हवा. या वेळी विषय मीनलचाच. लेक पुण्यात पीएच.डी. करते, दूरच्या दीर्घिकांचे आकार मोजते. वाटेतल्या न दिसणाऱ्या वस्तुमानाने त्यांचा प्रकाश वाकतो, आकार केसभर ताणला जातो. पण दीर्घिका मुळातच लांबट-वाकड्या. ताण किती आणि जन्मजात किती, एकीवरून कळत नाही. म्हणून हजारोंची सरासरी; तिच्यावरून त्या वस्तुमानाचा आकडा.
फोनवर म्हणाली, "तरी अनिश्चितता उरतेच, बाबा. त्यात आमच्याकडे आकाशाचा तुकडा एकच. तेवढं लिहा हं, नाहीतर तो आकडा माझा नाही."
लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात.

१५ ऑक्टो.
जाहिरात आली, ऐंशी शब्द कमी करा म्हणाले. खालून कापले. बातमीदारीतली तीस वर्षांची सवय. फॅक्स गेला.

१७, रवि.
मथळा त्यांचा: 'अदृश्य विश्व सापडलं'. खाली मीनलचं नाव.
सकाळीच फोन. "सर विचारतायत, हा दावा तू केलास? शोधनिबंधावर माझं नाव ठेवायचं का, ते बघू म्हणाले."
"जागा नव्हती गं."
"बाबा, एवढंच सांगितलं होतं तुम्हाला."
तिने फोन ठेवला.

२० ऑक्टो.
शेणव्याच्या पुढे, सासुरवाडीला. सरकारी पीक कापणी प्रयोग होता, त्याच्या वजनावरून अख्ख्या गावाची नुकसानभरपाई ठरते. चिठ्ठीत मेहुण्याचं, दत्तूचं खाचर निघालं. दोरी लावून चौकोन कापला, झोडला, वजन केलं. ओढ्याकाठचा भात, भरपूर भरला. तलाठी खूश.
दत्तूचं तोंड उतरलेलं. "भावजी, वर माळाला चला. दाना भरला नाय कोनाचा. आनी गाव मोजतात माज्यावरनं."
बांधावरची म्हातारी: "दत्तू रे, चिठ्ठी तुजी नि मार आमाला!"
तुकडा एकच. मीनल हेच सांगत होती. मी ऐकलं, लिहिलं, समजलो नव्हतो. समजलो असतो तर शेवटी ठेवलं नसतं.

२१ ऑक्टो.
खुलासा पाठवला. अनिश्चितता पहिल्याच वाक्यात. चूक माझी, मीनलची नाही, हे दुसऱ्यात. उपसंपादक: "बघतो, साहेब." हे 'बघतो' मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो.

२४, रवि.
पान दोनदा पाहिलं. खुलासा नाही.
मीनलच्या खोलीवर फोन. मैत्रिणीने घेतला. "बाहेर गेलीय, काका."
मागे कोणीतरी खोकलं. मीनलच असावी. एका खोकल्यावरून कळत नाही.